शेतजमीन कुणाच्या नावावर, आणि त्या नावामागे कोण

मंडळी, काही राज्यांतले निर्बंध सोडले तर अमेरिकेत परदेशी माणसाला शेतजमीन विकत घेता येते. आपल्या देशात घेता येत नाही. तरीही अमेरिकेचं कृषी खातं दरवर्षी अहवाल काढून सांगतं की आमच्याकडची इतकी शेती आणि इतकं जंगल परदेशी लोकांच्या, परदेशी कंपन्यांच्या मालकीचं आहे, त्यातलं एवढं कॅनडाचं, एवढं नेदरलँड्सचं, एवढं चीनचं. आपल्याकडे असा अहवाल निघत नाही. बंदी आहे ना, मग मोजायचं काय, असं आपण धरून चाललोय. मला आज बोलायचंय ते याच्याबद्दल. बंदी घालणं एक काम आहे आणि लक्ष ठेवणं दुसरं. पहिलं दिल्लीनं कधीच करून ठेवलंय. दुसरं आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या शिवारात कुणाकडेच सोपवलेलं नाही.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं मोजणीची पद्धत तरी आहे. १९७८ साली त्यांनी कायदा केला: परदेशी माणसानं शेतजमीन घेतली किंवा विकली की नव्वद दिवसांत कृषी खात्याच्या स्थानिक कचेरीत फॉर्म भरून द्यायचा. लपवलं तर जमिनीच्या बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड. २०२३ च्या अखेरीला परदेशी मालकीची शेती आणि वनजमीन मिळून साडेचार कोटी एकरांच्या वर भरली, म्हणजे त्यांच्या खासगी शेतजमिनीच्या साडेतीन टक्क्यांहून थोडी अधिक. सर्वात मोठा वाटा कॅनडाचा. ज्या चीनवरून तिथं एवढा गदारोळ होतो, त्याचा वाटा तीन लाख एकरांच्याही आत. मोजल्यामुळे भीती कुठं खरी आणि कुठं फुगवलेली, हे निदान कळतं. ही मोजणीही कच्ची आहे, हे जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्याच सरकारी हिशेब तपासनिसांनी लेखी सांगितलं. फॉर्म कागदावर, माहिती उशिरा, आणि मालकाच्या मागचा मालक शोधायची सोय तोकडी.

उत्तर डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स गावाचं उदाहरण ऐका. फुफेंग नावाच्या चिनी कंपनीनं तिथं ३७० एकर जमीन घेतली, मक्यावर प्रक्रिया करणारा कारखाना काढायचा म्हणून. जवळच हवाई दलाचा तळ. परदेशी गुंतवणूक तपासणाऱ्या केंद्राच्या समितीनं २०२२ च्या शेवटी कळवलं, हा व्यवहार आमच्या अधिकारात येत नाही. आवाज उठवला तो गावातल्या लोकांनी. जानेवारी २०२३ मध्ये हवाई दलानं पत्र दिलं की यात सुरक्षेला धोका आहे, आणि पुढच्याच महिन्यात नगरपालिकेनं प्रकल्पातून अंग काढून घेतलं. कायदा होता, समिती होती, पण पहिलं बोट दाखवलं ते गावानं. सांबऱ्याच्या विमानतळाच्या धावपट्टीशेजारी आणि बेळगावच्या लष्करी कॅम्पाच्या हद्दीला लागून ज्यांची शेतं आहेत, त्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

आता आपला कायदा. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९ चा, ज्याला सगळे फेमा म्हणतात, आणि त्याखालचे २०१९ चे नियम. अनिवासी भारतीय असो की ओसीआय कार्डधारक, म्हणजे मूळचा आपला पण आता परदेशी पासपोर्ट असलेला, त्याला इथं फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस घेता येत नाही. जिवंत नातेवाइकाकडून बक्षीस म्हणूनसुद्धा घेता येत नाही. वारसानं मात्र मिळू शकते, आणि परदेशी जाण्याआधी स्वतः घेतलेली असेल तर ती ठेवता येते. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. नियम मोडला तर रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, मालमत्ता जप्तही होऊ शकते. कायदा ढिला आहे असं कुणी म्हणू शकणार नाही.

पण हा कायदा बघणार कोण? रिझर्व्ह बँक आणि ईडी. दोघांचीही माणसं जांबोटीच्या शिवारात फिरत नाहीत. शिवारात असतो तलाठी, आणि खरेदीखत होतं सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत. तेव्हा या दोन टेबलांवर काय विचारलं जातं, ते बघू.

आपला उतारा डोळ्यांसमोर आणा. कानडीत पहाणी, सरकारी भाषेत आरटीसी, घरात आपण उताराच म्हणतो. नऊ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, बापाचं नाव, क्षेत्र आणि खाते नंबर. दहामध्ये जमीन त्याच्याकडे कशी आली ते. अकरामध्ये बोजा, म्हणजे सोसायटीचं कर्ज, बँकेचं गहाण, कोर्टाचा मनाई हुकूम असला तर तो. बारामध्ये कसतो कोण आणि पीक काय. या कागदावर माती कसली ते आहे, पाणी कुठलं ते आहे. मालक कुठल्या देशाचा नागरिक, याला रकाना नाही. मालक म्हणून कंपनी लागलेली असेल तर त्या कंपनीत पैसा कुणाचा, हेही नाही. २००० सालानंतर भूमी योजनेत सगळे उतारे संगणकावर गेले, नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या महसूल कचेरीत, पैसे भरले की मिनिटात प्रत हातात पडते, आणि हे काम खरोखर मोठं झालं. पण जुन्या वहीत जे विचारलं जात नव्हतं ते संगणकातही विचारलं गेलं नाही.

काही जण म्हणतील, आता उताऱ्याला आधार जोडलंय की. जोडलं ते बरंच झालं, मेलेल्या माणसाच्या नावावरच्या जमिनी परस्पर विकणाऱ्यांना थोडा आळा बसेल. पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे त्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय. इथं १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळतं. तेव्हा आधारानं माणूस खरा आहे एवढं कळतं, तो कुठल्या देशाचा आहे ते कळत नाही.

बारा नंबरच्या रकान्यावर मात्र मला थांबायचंय, कारण या भागातल्या निम्म्या घरांचा इतिहास त्या रकान्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, तिकडे मुंबई राज्यात कृषक दिन उजाडला आणि कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. कागल, गडहिंग्लज, चंदगडच्या कुळांना ते मिळालं. त्यांच्या बांधाला बांध लागून असलेल्या आपल्या कुळांना १ मार्च १९७४ पर्यंत वाट बघावी लागली. मुख्यमंत्री देवराज अरसांच्या सरकारनं दुरुस्ती आणली, मग मालकी मागायचा सात नंबरचा फॉर्म भरायचा, जमिनीच्या ट्रिब्युनलपुढे उभं राहायचं, आणि बारा नंबरच्या रकान्यात आपल्या बापाचं नाव आहे हे दाखवायचं. ज्याचं नाव तलाठ्यानं लिहिलं होतं तो मालक झाला. ज्याचं लिहिलं नव्हतं तो वर्षानुवर्षं नांगर धरूनही रिकाम्या हातानं परत आला. अशी माणसं इथं बसलेल्यांच्या घरात होऊन गेलीत. एक नोंद असणं आणि नसणं यानं काय होतं, हे या भागाला पुस्तकातून शिकायचं कारण नाही.

त्याच १९७४ च्या दुरुस्तीत आणखी दोन कलमं आली होती, ७९ अ आणि ७९ ब. बिगरशेती उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर शेती घेता येणार नाही. आणि जो शेतकरी नाही तो, तसंच कंपनी, संस्था, ट्रस्ट, यांना शेती धरता येणार नाही. उत्पन्नाची मर्यादा पुढे दोन लाख झाली, २०१५ मध्ये पंचवीस लाख झाली. २०२० मध्ये ही कलमं सरकारनं काढूनच टाकली. आधी जुलैत वटहुकूम, डिसेंबरमध्ये कायदा. आणि काढली तीसुद्धा १ मार्च १९७४ पासून नव्हतीच असं धरून, त्यामुळे त्यांच्याखाली चालू असलेली प्रकरणं बंद झाली. त्या वटहुकुमात जमीनधारणेची मर्यादाही दुप्पट केली होती. कोरडवाहू जमीन असेल तर लहान कुटुंबाला ५४ एकरांवरून १०८, मोठ्या कुटुंबाला २१६ एकरांपर्यंत.

सरकारचं म्हणणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. या कलमांचा उपयोग प्रांत कचेरीत चिरीमिरी काढायला होत होता. शेती करायची मनापासून इच्छा असलेल्या शहरातल्या तरुणाला अडवलं जायचं, आणि पैसेवाला खोटा दाखला काढून आरामात घ्यायचा. हे सगळं खरं. पण मग दाखला देणारी कचेरी सुधारायची होती. तुम्ही प्रश्नच काढून टाकलात. पूर्वी खरेदीच्या वेळी निदान एकदा विचारलं जायचं, बाबा, तू कोण? शेतकरी आहेस का? कंपनी आहेस का? उत्पन्न किती? त्या चौकशीत परदेशी पैसा वास लागल्यासारखा कुठंतरी कळून यायचा. आता सरकारला मुद्रांक शुल्क मिळालं, अकरा-ई नकाशा, म्हणजे विकायच्या तुकड्याचा मोजणी नकाशा, जोडला, आधार आणि पॅन दाखवलं की खरेदी होते. अनुसूचित जाती-जमातींना मंजूर झालेल्या जमिनींना १९७८ च्या वेगळ्या कायद्याचं कवच अजून आहे. बाकी शिवार उघडं आहे.

उचगाव ओलांडून शिनोळीच्या पलीकडे जा. तिथं महाराष्ट्राच्या कूळकायद्याचं ६३ वं कलम अजून उभं आहे. शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. तिकडेही पळवाटा आहेत, मी काही तिकडचं गुणगान करत नाही. पण एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन नियम असले की पैसा कुठल्या काठावर उतरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. जांबोटी, कणकुंबीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारेची कुंपणं आणि फार्महाऊसच्या पाट्या वाढत चालल्यात. डोंगर, मलप्रभेचा उगम, गोवा तासा-दोन तासांवर. घेणाऱ्याला दोष द्यायचं कारण नाही. पण त्या कुंपणाआड मालक कोण, हे ग्रामपंचायतीला तरी ठाऊक असावं की नको?

गोव्याचं नाव निघालंय तर एक गोष्ट स्पष्ट बोलतो. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, आणि हजारो कुटुंबांनी पोटापाण्यासाठी ते घेतलंय. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ज्या दिवशी ते स्वखुशीनं घेतलं, त्या दिवशी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार भारतीय नागरिकत्व संपतं. खानापूर तालुक्यातल्या किती घरांच्या सोयरिकी गोव्यात आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. मामेभाऊ तोच, बोली तीच, देव तोच, जत्रेला येतो तोच. कायद्याच्या लेखी मात्र तो परदेशी नागरिक. त्यानं आजोळची जमीन हौसेनं विकत घेतली तर फेमा मोडला, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सब-रजिस्ट्रारच्या टेबलावर त्याच्यापुढे फॉर्ममध्ये साधा प्रश्न असता, तर तो तिथंच थांबला असता. लक्ष ठेवणं म्हणजे चोर पकडणं एवढंच नाही. भल्या माणसाला चुकण्याआधी सावध करणं, हे त्यातलं मोठं काम आहे.

कंपनीचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. आपल्या देशात परदेशी गुंतवणुकीला शेतीत सरसकट परवानगी नाही. नियंत्रित वातावरणातली फुलं, भाजी, अळंबी, बियाणं, मत्स्यपालन, पशुपालन, आणि चहा, कॉफी, रबर, वेलदोडा अशा मळ्यांना आहे. भात, ऊस, तंबाखूला नाही. फार्महाऊस बांधून विकायच्या धंद्याला तर मुळीच नाही. पण २०२० नंतर कर्नाटकात कंपनी शेती घेऊ शकते. कंपनी बेंगळुरूत नोंदलेली, नाव अस्सल देशी, आणि भांडवल कुणाचं, ते तीन कंपन्या मागे गेल्यावर कळणार. कंपनी कायद्याच्या नव्वदाव्या कलमाखाली दहा टक्के किंवा अधिक हिताचा खरा धनी जाहीर करायला लावलंय. ती माहिती कंपनी निबंधकाकडे पडून असते. भूमीच्या संगणकाला तिची गंधवार्ता नाही. एक केंद्राचं, एक राज्याचं, अशा दोन सरकारी कपाटांमध्ये एकाच प्रश्नाचं अर्धं-अर्धं उत्तर आहे, आणि ती जोडायचा हुकूम कुणी काढलेला नाही. मला यातली सर्वात जास्त टोचणारी गोष्ट हीच वाटते, कारण याला ना नवा कायदा लागतो ना मोठा खर्च.

परदेशी म्हटलं की आपल्याला गोरा साहेब दिसतो. तर एक उदाहरण आपल्याच राज्याचं देतो. करुतुरी ग्लोबल ही बेंगळुरूची कंपनी, गुलाबाच्या फुलांच्या व्यापारात मोठं नाव. २०१० मध्ये इथिओपियाच्या सरकारनं गाम्बेला भागात तिला एक लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्यानं दिली, काम दाखवलं तर आणखी दोन लाख देऊ म्हणून सांगितलं. खंड नाममात्र. एक लाख हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच लाख एकर. तिथं माणसं राहत होती, गुरं चारत होती, नदीकाठी मका पेरत होती, पण त्यांच्याकडे आपल्यासारखा उतारा नव्हता. करार राजधानीत झाला, आणि जमीन मोकळी आहे असं कागदावर लिहिलं गेलं. पुढे बारो नदीला पूर आला, पीक वाहून गेलं, कंपनी कर्जात बुडाली, आणि २०१५ च्या अखेरीला सरकारनं करार रद्द केला. तोवर कसली गेलेली जमीन एकूण क्षेत्राच्या मानानं अगदी थोडी होती. म्हणजे त्या गावांच्या दृष्टीनं परदेशी मालक आपण होतो, कर्नाटकातले. मादागास्करमध्ये तर २००८ साली कोरियाच्या देवू कंपनीबरोबर तेरा लाख हेक्टरचा सौदा व्हायचा होता. लोक खवळले आणि पुढच्या वर्षी तिथलं सरकारच गेलं. दोन्हीकडे जमीन कुणाची याची नोंद कच्ची होती. परदेशी माणूस वाईट असतो असा याचा अर्थ मी काढत नाही. जिथं नोंद कच्ची असते तिथं दांडगा माणूस आत शिरतो, मग तो लंडनचा असो, बेंगळुरूचा असो की आपल्याच तालुक्याचा.

आपली नोंद आणखी एका कारणानं कच्ची आहे, आणि ते बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. उतारा कानडीत, मोजणीची नोटीस कानडीत, हरकत घ्यायची मुदतही कानडीत छापलेली. कानडी शिकायला आपली ना नाही, पोरं शाळेत शिकतातच. पण ज्या म्हाताऱ्या मंडळींच्या नावावर जमीन आहे, त्यांना आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नाही. मग मध्ये एजंट येतो. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी शहापूर, वडगाव, अनगोळ, मच्छेच्या शेतकऱ्यांनी तिन्ही हंगाम पिकणाऱ्या जमिनींसाठी कोर्टापर्यंत झगडा दिला. जे झगडले त्यांच्या हातात कागद होते आणि कागदात काय लिहिलंय ते समजावणारा माणूस होता. वर्षातून एकदा ग्रामपंचायतीत त्या वर्षी विकल्या गेलेल्या जमिनींची यादी कानडी आणि मराठी दोन्हींत लागली, घेणारा कोण, नागरिक कुठला, कंपनी असेल तर खरा धनी कोण, एवढं त्यात असलं, तर निम्मी राखण गाव आपण होऊन करेल. कावेरी या खरेदीखत नोंदणीच्या सरकारी संगणक प्रणालीच्या फॉर्ममध्ये नागरिकत्वाचं स्वयंघोषणापत्र घालणं हा राज्य सरकारच्या अखत्यारीतला मामुली बदल आहे. ग्रामसभेत ठराव करा, आमदारांना द्या, जिल्हाधिकाऱ्यांना द्या. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. फेमा केंद्राचा कायदा आहे, तो दोन्ही राज्यांना सारखाच लागू आहे.

मघाशी एका दादांनी चिठ्ठी पाठवली: वडील वारले, धाकटा भाऊ अमेरिकन नागरिक झालाय, वारस नोंदीत त्याचं नाव लावायचं की वगळायचं? लावायचं. वारसानं मिळालेली जमीन त्याला कायद्यानं धरता येते. परदेशी आहे म्हणून नाव गाळलंत तर उद्या तोच कोर्टात जाईल, आणि त्याचं बरोबर असेल. त्याला नको असेल तर त्यानं नोंदणीकृत हक्कसोडपत्र इथल्या भावा-बहिणींच्या नावे करावं. विकायचं असेल तर घेणारा भारतात राहणारा नागरिकच हवा. आणि शेजारचा हिस्सा विकायला निघाला म्हणून तो परदेशातल्या भावाच्या पैशानं, तुमच्या नावावर घेऊ नका. ते बेनामी होतं, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात जमीन जाते, तुरुंगवासही होऊ शकतो.

भाऊ येऊ शकत नसेल तर तिकडच्या भारतीय वकिलातीतून वटमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवील. ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. मुखत्यारपत्रात फक्त वारस नोंदीचा अधिकार द्यायचा असेल तर तेवढाच लिहा. लिहिणारे सवयीनं विक्री, गहाण, भाडेपट्टा सगळंच घालून मोकळे होतात. मजकूर मराठीत वाचून घ्या आणि मूळ प्रत एजंटाकडे ठेवू नका.